बंद पडला की बंद केला

कात्रणाच्या चार घड्या घातलेल्या होत्या. घामानं घड्यांवरची शाई पुसट झाली होती. यात्रेतल्या आकाशपाळण्याच्या मिस्त्रीनं ते चहाच्या बाकड्यावर उलगडलं, तळहातानं सपाट केलं आणि माझ्याकडे सरकवून म्हणाला, "इदन्न ओदि हेळ्री." हे वाचून सांगा.

तो कर्नाटकातल्या गदगकडचा. वर्षातले आठ महिने यात्रा-जत्रांत फिरल्यामुळे मराठी समजायचं, मोडकंतोडकं बोलायचाही, पण वाचता येत नव्हतं. आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात असं सर्रास असतं. एकाला बोलता येतं पण वाचता येत नाही, दुसऱ्याला वाचता येतं पण बोलायला जीभ वळत नाही. मग एस.टी.ची पाटी, बँकेची स्लिप, कोर्टाची नोटीस, जो शेजारी असेल त्याच्याकडून वाचून घ्यायची. त्यानं मला विचारलं ते त्याच सवयीनं. बातमी माझीच आहे हे त्याला माहीत नव्हतं. बातमीवर नाव नव्हतं, "वार्ताहर, खानापूर" एवढंच होतं.

मथळा होता, "यात्रेत पाळणा बंद पडला, भाविकांचे प्राण टांगणीला". मी तो कन्नडमध्ये सांगितला. खालचा मजकूरही सांगत गेलो. महिला-मुलं चाळीस मिनिटं अंधारात अडकली, आरडाओरडा, चालकाचा निष्काळजीपणा. या शेवटच्या शब्दावर मी अडखळलो. अडखळलो तो शब्द सुचेना म्हणून नव्हे. 'निर्लक्ष्य' हा कन्नड शब्द मला चांगला ठाऊक होता. पण ज्याच्याबद्दल तो लिहिला होता तो समोर बसलेला होता आणि माझ्याच तोंडून त्याला तो ऐकवायचा होता. शेवटी म्हणालो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अदु निंतिद्दल्ल री. ना निल्लिसिद्दु."

तो थांबला नव्हता हो. मी थांबवला होता.

या गोष्टीला दहाएक वर्षं झाली. त्या वेळी मी एका मराठी दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. आमच्याकडच्या लक्ष्मी यात्रा दरवर्षी भरत नाहीत. काही गावांत कित्येक वर्षांनी एकदा देवी गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या तिच्या आसनावर, बसते, आणि मग घरटी पाहुण्यांच्या पंगती उठतात, लग्न करून गेलेल्या लेकी नातवंडांसह येतात. गावाबाहेर भाताची कापणी होऊन रिकाम्या पडलेल्या शेतात पाळणे, ब्रेक डान्स, कोलंबस अशा राईड, खेळण्यांची दुकानं, भजी-गोबीच्या गाड्या उभ्या राहतात. अशाच एका यात्रेच्या तिसऱ्या रात्री माझ्या मोबाईलवर बावीस सेकंदांचा व्हिडिओ आला. काळोख, वर लोंबकळणारे डबे, एका बाईची किंकाळी, खालून कुणाचा तरी आवाज, "अरे, उतरवा की त्यांना!" मी गावातल्या दोघांना फोन केले. एकजण म्हणाला पाळणा बंद पडला, दुसरा म्हणाला मिस्त्री दारू प्यालेला होता म्हणे. दारूचं मी लिहिलं नाही, खात्री नव्हती. 'निष्काळजीपणा' मात्र लिहिला. त्याला खात्री लागते असं तेव्हा वाटलं नव्हतं. मिस्त्रीशी बोललो नाही. यात्रेच्या ठिकाणी गेलो नाही. बातमी रात्री साडेदहाला पाठवली, अकराला डेस्कवरून फोन आला, "फोटो आहे का?" व्हिडिओतला एक तुकडा काढून पाठवला. सकाळी तालुक्याच्या पानावर तीन कॉलम.

चहा पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "यारु बरदारी?" कुणी लिहिलं?

"नाने," मी म्हटलं.

त्यानं कात्रण पूर्वीच्याच घड्यांवर परत दुमडलं, खिशात ठेवलं आणि उठला. मला वाटलं निघून जाईल. पण तो म्हणाला, "बर्री." या.

पाळण्याचं चाक पेलणाऱ्या दोन उभ्या कैच्यांपैकी, म्हणजे खांबांपैकी, उजवीकडच्या कैचीला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, सुतळीनं एक नट बांधलेला होता. साधा लोखंडी, गंजलेला, मोठ्या बोल्टचा नट. सुतळी हातभर लांब. नटाच्या मागे खांबावर खडूनं एक उभी रेघ ओढलेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर आणखी दोन. गवंड्याचा ओळंबा असतो तसा हा त्याचा ओळंबा. पाळणा उभा केल्यावर पहिल्या दिवशी नट मधल्या रेघेवर असतो. दर तासाला तो बॅटरी मारून बघतो. नट बाजूच्या रेघेकडे सरकला की खालचं लाकूड जमिनीत चाललंय असं समजायचं.

पाळणा थांबवला त्या दिवशी दुपारी वळवाची सर येऊन गेली होती. भाताच्या खाचराची जमीन वरून वाळलेली, कडक दिसते. पाणी पडलं की खालून लोण्यासारखी होते. कैचीखाली त्यानं लाकडी ठोकळ्यांची पॅकिंग दिलेली होती. रात्री पावणेनऊच्या सुमाराला नट बाजूच्या रेघेला लागला. पाळणा भरलेला होता, फेरी चालू होती. त्यानं मोटार बंद केली.

यापुढचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. भरलेला पाळणा थांबवला की लोकांना भराभर उतरवता येत नाही. एका बाजूचे डबे रिकामे केले की दुसरी बाजू जड होते आणि चाक आपल्याच वजनानं फिरायला बघतं. ब्रेकवर सगळा भार येतो. म्हणून एक डबा खाली आणून रिकामा करायचा, मग त्याच्या बरोबर समोरचा खाली आणायचा, तो रिकामा करायचा, मग पुन्हा अलीकडचा. तेही मोटारीवर नाही, कारण मोटारीचा हिसका त्या खचलेल्या पायाला नको होता. चार पोरं कडेला धरून हातानं चाक ओढत होती. सोळा डबे. चाळीस मिनिटं. ज्या चाळीस मिनिटांना मी निष्काळजीपणा म्हटलं, ती त्या अख्ख्या यात्रेतली सगळ्यात काळजीची चाळीस मिनिटं होती.

मग रात्री बारानंतर त्यानं जॅक लावला, ठोकळे बदलले, खाली फळ्या टाकल्या, नट परत मधल्या रेघेवर आणला. सकाळी पेपर आला. उरलेल्या दोन रात्री त्या पाळण्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही, लोक पलीकडच्या ब्रेक डान्सकडे गेले. आणि मालकानं त्याला काय सांगितलं असेल? पुन्हा असं झालं तर मध्येच थांबवायचं नाही, फेरी पुरी होऊ दे, मग बघ. मालकाचा राग पाळणा थांबवण्यावर नव्हता, पेपरात येण्यावर होता. आणि ती शिकवण मालकाच्या डोक्यात घालणारा मी होतो. हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

एका क्रियापदाची चूक होती. 'पडला' आणि 'केला'. मराठीत यंत्र बंद 'पडतं', पाऊस पडावा तसं, कुणाचा हात नसताना. आणि माणूस ते बंद 'करतो', पाहून, ठरवून. कन्नडमध्येही तोच भेद आहे, निंतिद्दु आणि निल्लिसिद्दु. दोन्ही भाषांना फरक ठाऊक आहे, पेपरला तेवढा नव्हता.

त्यानंतर मला या विषयाचा नादच लागला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझा एक मावसभाऊ कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, तपासणीत आहे. भेग शोधणं हाच त्याचा दिवसभराचा धंदा. लाल रंगाचं पातळ द्रव्य भागावर फासायचं, पुसायचं, वर पांढरी पूड मारायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग केसासारखी रेघ होऊन वर येतो. लोखंडी भाग चुंबकित करून बारीक लोहकणांनीही तेच करतात. तो म्हणाला, "मोठ्या पार्कातल्या रोलर कोस्टरच्या चाकांच्या धुऱ्या, पिना, वेल्ड अशाच तपासतात बघ. आमच्यातलंच काम की ते." त्याच्या बोलण्यातूनच मला पहिल्यांदा कळलं की ज्याला आपण थरार म्हणतो तो थरार विकणाऱ्या ठिकाणी सकाळी सात वाजता किती कंटाळवाणं काम चालतं. रुळावरून पायी चालत बोल्ट बघायचे. चाकांची झीज बघायची. प्रत्येक सीटची दांडी ओढून, ढकलून बघायची. मग गाडी रिकामी सोडायची, एकदा नाही, अनेकदा. वहीत लिहायचं, सही करायची. आणि गेट उघडायचं.

रोलर कोस्टरला इंजिन नसतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. बहुतेक कोस्टरांत साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि तिथून पुढे सगळं गुरुत्वाकर्षणावर. चढताना जो खट-खट-खट आवाज येतो, ज्यानं पोटात गोळा येतो, तो भीतीचा नसून भरवशाचा आवाज आहे. गाडीखाली लोखंडी खिट्ट्या असतात, त्या रुळालगतच्या दात्यांत एकेक करून अडकत जातात. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरणार नाही. विहिरीच्या रहाटाला उलटं फिरू न देणारी खिट्टी असते, तिचीच ही बहीण. चाकंही एका बाजूला नसतात. रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही असतात. खालच्या चाकांचं पेटंट अमेरिकेतल्या जॉन मिलर यांनी 1919 साली घेतलं. गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळ जणू खालून मुठीत धरायचा. आज जी कोस्टर उलटीपालटी धावतात ती या चाकांच्या जोरावर.

पण मला सगळ्यात भावली ती 'ब्लॉक' पद्धत. जुन्या रेल्वेवाल्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनकडून मार्ग मोकळा असल्याचं कळल्याशिवाय, टोकन हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी सोडत नसे. रोलर कोस्टरचा मार्गही असाच तुकड्यांत वाटलेला असतो. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी तिचा तुकडा सोडून गेली, असं सेन्सरनी सांगितल्याशिवाय मागचीला वाट मिळत नाही; ती चढावर किंवा मधल्या ब्रेकवर उभी राहते. आणि हे ब्रेकही बहुधा असे केलेले की हवेचा दाब गेला, वीज गेली, तरी ते आपोआप आवळतात. म्हणजे काहीही बिघडलं की यंत्राचा पहिला स्वभाव थांबण्याचा. फलाटावर पर्स उचलायला कुणी वाकला आणि पुढची गाडी सुटायला अर्धा मिनिट उशीर झाला, तरी मागची चढावर थांबते. सेन्सरवर धूळ बसली, थांबते. वारा वाढला, थांबवतात. वरच्यांना चढालगतच्या पायऱ्यांवरून एकेक करून खाली आणतात. आणि खाली कुणाच्या तरी मोबाईलमध्ये तेवढ्या वेळात बातमी तयार झालेली असते.

ब्रिटनमधल्या आल्टन टॉवर्स पार्कात 'द स्मायलर' नावाचं कोस्टर आहे, एका फेरीत चौदा वेळा उलटं होणारं. 2 जून 2015 रोजी तिथे काय झालं ते मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी त्यातल्या एकाच जागेपाशी थांबतो. दुपारी एक रिकामी गाडी मार्गावर सोडली होती. वारा होता. ती मधल्या खोलगट भागात अडकून राहिली. त्यानंतर सोळा माणसांची भरलेली गाडी चढावर आली आणि यंत्रणेनं ती थांबवली. पुढचा तुकडा मोकळा नाही, एवढंच ती सांगत होती आणि ते खरं होतं. पण तिथल्या माणसांना ती रिकामी गाडी अडकल्याचं कळलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, यंत्र उगाच थांबलंय. त्यांनी यंत्रणेवर मात करून गाडी पुढे सोडली. ती जाऊन रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला.

2016 मध्ये कोर्टानं पार्क चालवणाऱ्या कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड केला. तपासात यंत्रात दोष सापडला नाही. त्या दिवशी बटण दाबणाऱ्या कामगारांवर खापर न फोडता, अशा वेळी काय करायचं याची धड पद्धत न लावणाऱ्या कंपनीला जबाबदार धरलं गेलं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे कुठेही काही झालं की पहिली अटक मिस्त्रीला होते.

पण मी थांबतो ती जागा वेगळी. चढावर ती भरलेली गाडी उभी होती, तेव्हा जर कुणी फोटो काढून पाठवला असता तर मथळा काय झाला असता? "राईड बंद पडली, पर्यटक हवेत अडकले." म्हणजे नेमकं ज्या क्षणी सगळे सुरक्षित होते तो क्षण धोक्याचा म्हणून छापला गेला असता. धोका गाडी सुटली तेव्हा सुरू झाला.

मोबाईलवाल्यांना मी सरसकट दोष देणार नाही. अमेरिकेत कॅरोविंड्स नावाचं पार्क आहे. ते नॉर्थ आणि साऊथ कॅरोलायना या दोन राज्यांच्या बरोबर सीमेवर आहे, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. सीमाभागात वाढलेल्या माणसाला अशा ठिकाणाबद्दल आपोआप आपुलकी वाटते. तिथलं 'फ्युरी 325' हे 325 फूट उंचीचं कोस्टर. 30 जून 2023 रोजी बाहेर उभ्या असलेल्या एका पालकाला त्याच्या एका खांबाला भेग दिसली. गाडी जाताना खांबाचा वरचा भाग बाजूला हलत होता. त्यानं व्हिडिओ काढला, पार्कला कळवलं, कोस्टर बंद झालं. आधीच्या काही दिवसांच्या फोटोंतही भेग दिसत असल्याचं मागाहून लक्षात आलं. म्हणजे रोजच्या तपासणीतून ती निसटली होती. खांब बदलला, चाचण्या झाल्या, सरकारी तपासनीसांनी पाहिलं आणि ऑगस्टमध्ये ते परत सुरू झालं. त्या माणसानंही मोबाईलच वापरला. पण त्यानं लोकांच्या किंचाळण्याकडे कॅमेरा न धरता खांबाकडे धरला.

आपल्याकडे 14 जुलै 2019 रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोक्यासारखी राईड मोडून पडली, दोघे गेले. 4 सप्टेंबर 2022 रोजी मोहालीच्या जत्रेत उंच मनोऱ्याची राईड माणसांसकट खाली आदळली. ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, मीही पाहिले. त्या रात्री झोप आली नाही. मला सारखं वाटत राहिलं की त्या मनोऱ्यापाशी कुणीतरी सुतळीला नट बांधून ठेवला होता का? कुणाला काही वेगळं दिसलं होतं, ऐकू आलं होतं का? आणि आलं असेल तर भरल्या गर्दीत, रांगेतल्या शंभर माणसांसमोर बटण बंद करायची त्याची छाती झाली नसेल, ती कुणामुळे?

यात्रेत पाळणा उभा करायला कागद लागतात. पंचायतीची परवानगी, पोलिसांचा दाखला, हेस्कॉम या वीज कंपनीचं तात्पुरतं कनेक्शन. कागद लागायलाच हवेत. पण वार्ताहर म्हणून मी कित्येक वर्षं यात्रेच्या बातम्या दिल्या, देवीचा रथ, भाविकांची संख्या, पुढाऱ्यांची उपस्थिती, आणि एकदाही पाळणेवाल्याला विचारलं नाही की बाबा, आज सकाळी तू काय काय तपासलंस? पिना कुणी बघितल्या? पिनेला लावायची ती आर आकाराची क्लिप सगळ्या पिनांना आहे का, की काहींना तार गुंडाळली आहे? वारा किती झाला की बंद करतोस? हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. उत्तर देताना माणूस भरभरून सांगायला लागला, हात धरून दाखवायला लागला, तर समजायचं की रोज बघतो. नुसतं "सगळं ओके आहे साहेब" म्हणाला, तर आपल्या पोरांना घेऊन पलीकडे उसाच्या रसाकडे जावं. मी आता तसंच करतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका यात्रेत संध्याकाळी वारं सुटलं. आभाळ भरून आलं, धूळ उठली, तंबूंची कापडं फडफडू लागली. पाळणेवाल्या पोरानं फेरी संपताच दोर आडवा लावला आणि तिकिटं परत घ्यायला सुरुवात केली. रांगेतले लोक कावले. "पाऊस तरी कुठंय रे?" असं एकजण ओरडलाही. पोरगं हिंदीत एवढंच म्हणत राहिलं, "हवा है, काका, हवा." तासाभरानं वारं पडलं. त्यानं चाक चारपाच वेळा रिकामं फिरवलं, कान देऊन उभा राहिला, मग दोर सोडला.

मी आता नोकरीत नाही, पण अधूनमधून मजकूर पाठवतो. त्या रात्री यात्रेच्या बातमीखाली चार ओळींची वेगळी बातमी करून पाठवली. साडेअकराला डेस्कवरच्या मुलाचा फोन आला. "काका, तुमचा मथळा बदलतोय थोडा. 'वाऱ्यामुळे पाळणा बंद पडला' करू का? बसतोय बरोबर."

"पडला नको," मी म्हटलं. "ठेवला. बंद ठेवला."

"एवढा काय फरक पडतोय?"

मी त्याला नटाचं सांगितलं. खडूच्या तीन रेघांचं, सोळा डब्यांचं, हातानं चाक ओढणाऱ्या चार पोरांचं. पान सोडायची वेळ झाली होती, तरी त्यानं मध्ये तोडलं नाही. शेवटी "बरं, बघतो" म्हणून फोन ठेवला.

सकाळी खानापूर स्टँडवर अंक घेतला. पाचव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, एक कॉलम. 'वाऱ्यामुळे पाळणा तासभर बंद ठेवला'. तो मी कापून घेतला आणि पाकिटात ठेवला आहे. गदगकडचा तो मिस्त्री पुन्हा कुठल्या यात्रेत भेटला तर वाचून दाखवायला.